एकशे बाराव्या पानाचा वाचक

संशोधनावर इतका विश्वास आणि संशोधकांवर इतका अविश्वास असलेला दुसरा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडणार नाही. हा माणूस माझा साडू आहे, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे साडू एकमेकांना साडभाऊ म्हणतात. शब्दात भाऊ असला तरी नातं भावाचं नसतं. एकाच सासऱ्याने दोन वेळा घेतलेल्या निर्णयांची तुलना करण्यासाठी समाजाने केलेली ती सोय असते. आमच्या सासूबाईंनी ही तुलना फार वर्षांपूर्वी उरकून टाकली. थोरला जावई साधा मास्तर, पण माणूस कामाचा. धाकटा डॉक्टर, पण तापाची गोळीसुद्धा देता येत नाही.

हा धाकटा म्हणजे मी. भंडाऱ्याच्या एका बी.एड. कॉलेजात मी भावी शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवतो. व्याख्यान-पद्धतीचे तोटे या विषयावर मी सलग दोन तास व्याख्यान देऊ शकतो. वर्गातल्या सक्रिय सहभागाबद्दल मी बोलू लागलो की मागच्या तीन बाकांवर हमखास झोप लागते. माणूस दुसरी भाषा कशी शिकतो, या विषयावर मी डॉक्टरेट मिळवली आहे. प्रबंध तीनशे बारा पानांचा. तो निदान परीक्षकांनी तरी वाचला असावा असा माझा समज होता, पण मौखिकीत एका परीक्षकाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रबंधातला निघाला, आणि तोही समज गेला. त्यानंतर माझ्या प्रबंधाला आयुष्यात एकच वाचक मिळाला. साडभाऊ.

तोही अपघाताने. एका दिवाळीला आम्ही त्यांच्या गावी गेलो आणि मिठाईचा डबा भंडाऱ्याला ओट्यावरच राहिला. आसगाव मागे टाकल्यावर बायकोच्या लक्षात आलं. "रिकाम्या हातानं कसं जायचं? काहीतरी द्या," ती म्हणाली. गाडीच्या डिकीत प्रबंधाची एक प्रत होती. मी ती दिली. साडभाऊंनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली. तिथेच तिचा शेवट झाला असता तर माझी पुढची बरीच वर्षं सुखात गेली असती.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी साडभाऊ मोटरसायकल दामटत, पवनीच्या रस्त्याने कारधा ओलांडून, भंडाऱ्याला माझ्या दारात हजर झाले. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, बगलेत प्रबंध. प्रबंधातून कागदाचे तुकडे, धानाच्या काड्या आणि एक एसटीचं तिकीट बाहेर डोकावत होतं. या सगळ्या खुणा होत्या. चहाही न घेता त्यांनी सुरुवात केली.

"साडभाऊ, एकशे बारा पानावर तुमी लिवलं हाये का नवी भाषा शिकनारं लेकरू आधी बराच काळ गप्प रायते. नुसतं आयकून घेते. त्याले बोलाची जबरदस्ती करू नोका."

"हो," मी आनंदाने म्हणालो. "मौनाचा काळ, सायलेंट पीरियड म्हणतात त्याला."

"किती दिवसाचा?"

"ते त्या त्या मुलावर अवलंबून असतं."

"अन गप्प लेकरू आयकून राहिलं हाये का झोपून राहिलं हाये, हे मास्तरनं कसं ओळखाचं?"

मी घसा साफ केला. "यावर अधिक संशोधन होण्याची गरज आहे."

आम्हा संशोधकांचं हे शेवटचं वाक्य असतं. त्यापुढे प्रश्न नसतो, टाळ्या असतात. साडभाऊंनी प्रश्न विचारला. "मंग कोन करून राहिलं ते?"

त्या दिवसापासून संशोधन साडभाऊ करू लागले. आमच्या क्षेत्रात सिद्धांत आणि वर्ग यांच्यात पूल बांधला पाहिजे असं सगळे म्हणतात. मी स्वतः तीन परिसंवादांत म्हटलं आहे. साडभाऊंनी पुलाची वाट पाहिली नाही. ते सरळ पाण्यात उतरले. प्रबंधात एके ठिकाणी मी लिहिलं होतं की सुरुवातीला मुलांना सोप्या आज्ञा ऐकवाव्यात आणि त्या कृतीतून पाळायला लावाव्यात. साडभाऊंनी आधी घरी प्रयोग केला. माझ्या मेहुणीला ते इंग्रजीतून पाणी आण, दार लाव, इकडे बस असं सांगू लागले. दोन दिवस तिने ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले नोका शिकवू. माया सायलेंट पिरेड लगनापासून सुरू हाये. संपला का सांगीन." मग प्रयोग बकरीवर गेला. बकरीला 'गो' चार दिवसांत आलं, 'कम' महिनाभरातही आलं नाही. साडभाऊंनी मला फोनवर अहवाल दिला, "शिकाचा एक ठरलेला क्रम असते असं तुमी लिवलं ना, ते बरोबर हाये. बकरीनं सिद्ध केलं." माझ्या निष्कर्षांना मिळालेली ही पहिली स्वतंत्र पुष्टी.

सर्वांत जास्त गाजला तो दुरुस्तीचा प्रयोग. मुलाची चूक तोंडावर सांगू नये. त्याचंच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणावं, असं माझं चाळीस पानांचं प्रकरण आहे. साडभाऊंना ते इतकं आवडलं की शाळेत इंग्रजीला ते लागू केलंच, पण सवय जडून गावात मराठीलाही लागू झालं. पारावर कोणी म्हणालं, "गुरुजी, मी काल भंडाऱ्याले गेलतो," की साडभाऊ प्रेमाने म्हणत, "अस्सं, तुम्ही काल भंडाऱ्याला गेला होता." "धान यंदा बरं झालं जी." "हो का, धान यंदा चांगलं झालं." पंधरा दिवसांत गुरुजींना कमी ऐकू येतं अशी बातमी पसरली. लोक त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. सरपंचाने त्यांना आपल्या गाडीत बसवून पवनीच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. शेवटी एका म्हाताऱ्याने चिडून विचारलं, "मी जे बोललो तेच तुमी पुन्हा काहून बोलून राहिले?" त्याच दुपारी मला फोन आला. "साडभाऊ, दुरुस्ती झाली हे त्याले समजतच नाही. पोरायलेही समजत नसंल. आन दुसरी गोष्ट, म्हाताऱ्याचं चुकलंच काय होतं? तो आपल्या मायच्या बोलीत बोलून राहिला होता. वर्गातल्या पोरायले आधी पुस्तकाची मराठीच नवी भाषा हाये. इंग्रजी तिसरी. हे तुमच्या तीनशे बारा पानायत कोठं हाये?"

नव्हतं. मी या जिल्ह्यात जन्मलो, घरी 'मले-तुले' बोलत वाढलो, आणि प्रबंधातली सगळी उदाहरणं परदेशातल्या मुलांची घेतली.

तरीही हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. त्यानंतरच्या दिवाळीनंतर फुलेश्वरी आली, आणि हसणं थांबलं.

गावाबाहेर वीटभट्टी आहे. दरवर्षी दिवाळी झाली की छत्तीसगडहून काही कुटुंबं तिथे कामाला येतात आणि उन्हाळा संपता संपता परत जातात. साडभाऊ दरवर्षी भट्टीवर जाऊन त्यांची मुलं शाळेत आणतात. त्यासाठी ते रविवारी तिथे बसून छत्तीसगढी शिकतात. आई-बाप भीत नाहीत आणि मुलं हसतात, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी आलेल्या मुलांत नऊ वर्षांची फुलेश्वरी होती. चौथीत बसली. सोबतची मुलं आठवड्याभरात खेळताना मोडकी मराठी बोलू लागली. ही खिडकीशी बसून राहिली. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. शाळेत तिच्या तोंडून एक शब्द कोणी ऐकला नाही. साडभाऊ तिला काहीच विचारत नसत. तिच्या समोर वस्तू ठेवायचे, तिच्या भाषेत एखादं वाक्य टाकायचे आणि पुढे जायचे.

जानेवारीत केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. माणूस वाईट नव्हता, पण हातात फॉर्म होता आणि फॉर्मला रकाने होते. ही मुलगी बोलत नाही म्हणजे तिला काही येत नाही, तिला पहिलीत बसवा, असं त्यांनी सुचवलं. साडभाऊ म्हणाले, "नाही सर. ते आयकून राहिली हाये. एकशे बारा पानावर लिवलं हाये." केंद्रप्रमुखांनी साहजिकच विचारलं, कशाच्या? आणि साडभाऊंनी छाती पुढे काढून सांगितलं की लिहिणारा माणूस आमचा साडभाऊ आहे, डॉक्टर आहे, पुढच्या बुधवारी स्वतः येऊन सांगेल.

मी गेलो. नवीन शर्ट घालून गेलो. आपल्या प्रबंधासाठी कोणी साक्षीला बोलावतंय याचा मला इतका आनंद झाला होता की अड्याळला थांबून मी आरशात केससुद्धा विंचरले. शाळेत केंद्रप्रमुखांना वीस मिनिटं मौनाचा काळ समजावून सांगितला. नवशिक्याला सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावणं हा कसा अन्याय आहे, हे सांगताना मी टेबलावर हातही आपटला. केंद्रप्रमुख प्रभावित झाले. "सर, आता आलाच आहात तर एक नमुना पाठ घ्याच," ते म्हणाले आणि खुर्ची घेऊन मागे बसले.

लहान मुलांच्या वर्गात मी कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. मी "गुड मॉर्निंग" म्हणालो; मुलं "गुड मॉर्निंग" म्हणाली. मी "सिट डाऊन" म्हणालो. मुलं उभ्या उभ्या "सिट डाऊन" म्हणाली. गोंगाट वाढला तसा मी "सायलेन्स प्लीज" म्हणालो आणि सगळा वर्ग एका सुरात "सायलेन्स प्लीज" ओरडला. कानटोपी घातलेला एक मुलगा तर माझा खोकलासुद्धा परत म्हणाला. जानेवारीच्या थंडीत मला घाम फुटला. केंद्रप्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. मला एक उत्तर हवं होतं, एकच चांगलं उत्तर, फॉर्मवर लिहिण्याजोगं. वर्गात एकच चेहरा माझ्याकडे शांतपणे, लक्ष देऊन पाहत होता. खिडकीजवळचा.

"व्हॉट इज युवर नेम?" मी तिला विचारलं.

ती गप्प. मी पुन्हा विचारलं, थोडं मोठ्याने. मग जवळ जाऊन, हाताने उभं राहायची खूण करून, तिसऱ्यांदा, आणखी मोठ्याने. आवाज वाढवला की भाषा डोक्यात शिरते, हा सिद्धांत माझ्या प्रबंधात कुठेही नाही, पण माझ्या घशात तो तयार होता. फुलेश्वरी उभी राहिली. तिने साडभाऊंकडे पाहिलं. मग तिचे ओठ वाकडे झाले, डोळे भरले आणि ती बाकांमधून वाट काढत अनवाणी पळाली. दारात तिच्या चपला तशाच राहिल्या.

केंद्रप्रमुखांनी रकान्यात काहीतरी लिहिलं. साडभाऊ उठले, त्या दोन निळ्या चपला उचलून त्यांनी आत, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि मुलांना म्हणाले, "चला, पाढे म्हना." ते मला रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. परत येताना अख्ख्या रस्त्यात मी आरशात पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "येऊन नाही राहिली," एवढंच. आठव्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हणालो, "रविवारी मी येतो. आपण तिच्या घरी जाऊ." साडभाऊ म्हणाले, "या. पन सिद्धांत घरी ठेवून या."

रविवारी त्यांच्या मागे मोटरसायकलवर बसून मी भट्टीकडे निघालो. मांडीवर वर्गात राहिलेली तिची दप्तराची पिशवी, हातात त्या चपला. वाटेत साडभाऊंनी मला एक छत्तीसगढी वाक्य शिकवलं. "मोर गलती हे. माझी चूक हाये. मोर मनजे माझी, तोर मनजे तुझी. ध्यानात ठेवा." मी सगळ्या वाटेने ते घोकलं. भट्टीवर कच्च्या विटांच्या रांगा उन्हात वाळत होत्या. विटा नुसत्या रचून केलेली त्यांची झोपडी इतकी बुटकी की वाकूनच आत जावं लागे. फुलेश्वरीची आई चिखलाच्या हातांनी उठली, तिने बाज ओढून आम्हाला बसवलं. शेजारच्या बायका जमल्या. साडभाऊ त्यांच्याशी घडाघडा बोलू लागले. फुलेश्वरी लहान भावाला कडेवर घेऊन आईच्या मागे उभी होती. अर्धा तास मी नुसता बसलो होतो. सगळे हसले की हसत होतो, थोडा उशिराने. कोणी माझ्याकडे पाहून काही विचारलं की मान हलवत होतो. एकदा ती कोणत्या प्रश्नाला हलवली कोण जाणे, बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. माझ्या विद्यार्थ्यांना मी ज्या अवस्थेचं दहा गुणांसाठी वर्णन करायला लावतो, ती अवस्था म्हणजे कान गरम होणं आणि पाणी प्यायचं निमित्त शोधणं असते, हे मला पन्नाशीत कळलं.

शेवटी साडभाऊंनी मला कोपराने ढोसलं. मी उठलो. चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या, हात जोडले आणि सगळ्यांसमोर स्पष्ट आवाजात म्हणालो, "तोर गलती हे."

साडभाऊंनी कपाळाला हात लावला. आईने मुलीकडे पाहिलं, मुलीने माझ्याकडे. आपण काय बोललो हे मला अजून उमगलं नव्हतं. मी तसाच हात जोडून, अपराधी चेहऱ्याने, त्या नऊ वर्षांच्या पोरीला तुझीच चूक आहे म्हणून सांगत उभा होतो.

"तोर नइ," फुलेश्वरी हळूच म्हणाली. "मोर."

मी बावळटासारखा बघत राहिलो. तिने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्याकडे एक पाऊल टाकलं आणि मोकळ्या हाताचं बोट माझ्या छातीकडे करून, मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं सावकाश सांगितलं, "मोर."

"मोर," मी म्हणालो. "मोर गलती हे."

तिने मान डोलावली. मग एकदम सगळ्या बायका हसल्या, तिची आई हसली, आणि सर्वांत शेवटी ती हसली. चूक तोंडावर दुरुस्त करू नये या बाजूने माझी चाळीस पानं आहेत. तिने केली, आणि तो शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सोमवारी ती शाळेत आली. पेन्सिल पळवणाऱ्या मुलाला फेब्रुवारीत एकदा "काहून घेतला बे?" असं खणखणीत विचारून तिने वर्गात तोंड उघडलं, आणि मग ते मिटेना. इंग्रजीही आली. साडभाऊंनी ती बातमी मला कॉलेजात, तास चालू असताना फोन करून दिली. त्यांच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं. ती पुढे आली आणि म्हणाली, "सर, युवर बटन."

"छान," मी म्हणालो. "पण वाक्य नाही ते. क्रियापद नाही त्यात."

"क्रियापद उद्या येईन," साडभाऊ म्हणाले. "आज बटन आलं."

मार्चमध्ये केंद्रप्रमुख पुन्हा आले. त्यांनी तिला ऐकलं आणि रकान्यातला आधीचा शेरा स्वतःच्या हाताने खोडला. माणूस खरंच वाईट नव्हता.

मेअखेर भट्टी थंडावली आणि ती मंडळी जायला निघाली. आदल्या दिवशी साडभाऊंनी मला सांगितलं की ही पोरगी पुढे कोणत्या गावात, कोणत्या शाळेत जाईल ठाऊक नाही. जिथे जाईल तिथल्या शिक्षकाला द्यायला चिठ्ठी हवी. हिंदीत ते लिहितील, इंग्रजीत मी लिहायचं. मी रात्रीच्या जेवणाआधीच बसलो आणि दीड पान लिहिलं. त्यात पाच तांत्रिक संज्ञा होत्या. वरठीच्या स्टेशनवर, लोखंडी बाकावर बसून साडभाऊंनी ते वाचलं, पेन काढलं आणि सगळं खोडत खाली आले. उरल्या तीन ओळी. ही मुलगी हुशार आहे. ती बोलते. तिला थोडा वेळ द्या. खाली त्यांचा मोबाईल नंबर. मी त्या तीन ओळी कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवल्या. तिच्या बापाने चिठ्ठी आधार कार्डांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. गाडी आली, गर्दीत ती चढली, खिडकीत दिसली की नाही हे आम्हा दोघांनाही नक्की सांगता आलं नाही. साडभाऊ म्हणतात दिसली.

दुसऱ्या वर्षी भट्टीवर वेगळी कुटुंबं आली. साडभाऊंनी प्रत्येक झोपडीत विचारलं. ती कोणाला माहीत नव्हती. चिठ्ठीचं उत्तर अजून आलेलं नाही. तेव्हापासून साडभाऊ अनोळखी नंबर सोडत नाहीत. परवा मी त्यांच्या मागे बसून पवनीहून येत होतो. खिशातला फोन वाजला तसा त्यांनी भर उन्हात गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, केसांवरून हात फिरवला आणि फोन कानाला लावला.

"हां जी, बोला. कोनत्या शाळेतून?"

पलीकडे कोणी मुलगी विमा विकत होती. साडभाऊंनी तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तिला नको म्हणून सांगितलं, कोणत्या गावची आहेस बाई, असंही विचारलं. मग फोन डोळ्यांजवळ धरून आवाज पूर्ण मोठा आहे की नाही ते तपासलं आणि खिशात ठेवला.

"बसा," ते मला म्हणाले.